राखणदाराच्या कानावरचे टोपडे

एका राज्यात वारा फार होता. राजवाडा उघड्या डोंगराच्या माथ्यावर. तिथल्या बायका वाघाला भीत नसत, वाऱ्याला भीत. तान्ह्याच्या कानाला वारं लागलं की झालंच, असे त्या म्हणत.

राणी माल्यवतीला मुलगा झाला. रीत अशी, की पाळण्याखाली एक कुत्रा राखणीला बसवायचा आणि बारशाला त्याचाही बाळासारखा मान करायचा. कारण धूम्राक्ष नावाचा जादूगार तान्ही मुले पळवी. तो डोळ्यांना दिसत नसे. त्याची पावले फक्त कुत्र्याला ऐकू येत, आणि कुत्रा त्याच्यावर भुंकला की त्याची विद्या जळे.

या राखणदाराचे नाव झुंजार. बारशाला एका परक्या व्यापाऱ्याने वेशीबाहेरूनच त्याच्यासाठी जरीचे टोपडे पाठवले. राणीने ते झुंजाराच्या कानांवरून घट्ट बांधले. "यालाही वारं लागायला नको गं बाई," ती दासीला म्हणाली.

बाळाचे टोपडे न्हाताना तरी निघे. झुंजाराचे कधीच निघाले नाही. पावसात भिजले, तसेच वाळले.

मग झुंजार डोके झटकू लागला. मागच्या पायाने कान खाजवू लागला. टोपड्याला वास येऊ लागला. राणीने कड उचलून पाहिली, तर कानावरचे केस गेलेले, कातडी लाल, वर खपल्या. वारं लागेल म्हणून तिने कड पुन्हा दाबली आणि गाठ आणखी आवळली.

एके दिवशी दासीच्या हातून हंडा पडला. झुंजाराने मानही वर केली नाही. राणीच्या ध्यानात आले, याला ऐकू येत नाही. आता बाळाला कोण राखणार?

दासीला गाठ सुटेना. राजाने तलवार काढून गाठीवर घातली. तलवार वाकली.

खिडकीत साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "ते टोपडे एका शापित खजिन्यातले आहे. ते पाठवणारा व्यापारी नव्हता, धूम्राक्ष होता. ज्या हाताने बांधले, त्याच हाताने सुटेल."

"तुला गं काय ठाऊक?" राणीने विचारले.

"मी गुरांच्या पाठीवर बसते. कातडीचे दुखणे ओळखते. गाठ सोडण्याआधी गरम झऱ्याचे पाणी आण, बोलत्या कडुलिंबाचा पाला आण, डोंगरावरचा वारा आण. उद्या दुपारी तो येणार आहे."

राणी निघाली. झऱ्यावर नाग होता. "पाणी कोणाला?"

"कुत्र्याच्या कानाला."

"माणसांसाठी सगळेच येतात. ने," नाग म्हणाला आणि बाजूला झाला.

कडुलिंबाने विचारले, "तुला काळजी कोणाची, कुत्र्याची की लेकराची?"

राणीने खाली पाहिले. "लेकराची."

"खरे बोललीस," झाड म्हणाले आणि त्याने पाला टाकला.

मग ती डोंगरावर घागर धरून उभी राहिली. वारा घागरीत घोंगावे आणि निघून जाई. झाकण लावले की घागर रिकामी. मागोमाग उडत आलेली साळुंकी हसली. "अगं, वारा का घागरीत नेतात? तू नुसती गाठ सोड. तो आपण होऊन येईल."

राणी परतली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. तिने खिडकी उघडली. गाठ तिच्या बोटांनी सुटली. झऱ्याच्या पाण्यात पाला उकळून, ते निववून तिने झुंजाराचे कान धुतले, मऊ फडक्याने कोरडे केले. वारा आत आला.

झुंजाराचे कान उभे राहिले. तो पाळण्याच्या उशाकडे वळला आणि रिकाम्या जागेवर भुंकला. तिथे एक माणूस दिसू लागला, हात पाळण्यात घातलेला. दुसऱ्या भुंकण्याला त्याची राख झाली. ती वाऱ्याने बाहेर नेली.

त्याने पळवलेली मुले आपापल्या पाळण्यात परत आली, उघड्या कानांची.

झुंजाराच्या खपल्या मात्र एका दिवसात गेल्या नाहीत. राणी रोज कान धुई, रोज कोरडे करी, तेव्हा कुठे केस आले.

धूम्राक्षाची राख उडाली त्याच दुपारी राणीने बाळाचेही टोपडे काढले. कानामागे तांबडा चट्टा होता. वारा आला. बाळ एकदा शिंकले.

राणी दुसऱ्या शिंकेची वाट पाहत राहिली. ती आली नाही. बाळ झोपले, पाळण्याखाली झुंजार झोपला, आणि खिडकी उघडीच राहिली.