पुसलेले थोरले बुवा

“आणि हे काम झालं, की मग रूटचा पासवर्ड द्याल ना?”

शार्दूल मुतालिकने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. तारबुवा मठाच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते. ते सोलतच राहिले.

“बुवा, मी रूटचं विचारतोय.”

“ऐकलं.”

“मग...?”

“यात किडके फार निघालेत,” बुवा म्हणाले आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. “निवड.”

शार्दूल निवडायला बसला. पुण्यात त्याच्या हाताखाली चौदा इंजिनिअर होते आणि त्यांतल्या एकालाही साहेबाला वाटाणे निवडता येतात हे ठाऊक नव्हतं.

रूट म्हणजे सगळ्या खोल्यांची एक किल्ली. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात प्रत्येकाची खोली वेगळी. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं म्हटलं तर यंत्र दारातच अडवतं. रूट या नावाने आत गेलेल्याला मात्र ते कशालाही नाही म्हणत नाही. माळसोंड्याच्या मठातल्या यंत्राची ती किल्ली मिळावी म्हणून शार्दूल दोन वर्षं दर महिन्याला येत होता. पुण्यात अशा शंभर किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. पण ही तारबुवांची होती.

तारबुवा पूर्वाश्रमीचे टेलिफोनचे लाइनमन. खांबाला कान लावून पलीकडच्या गावात कोण कोणाशी भांडतंय ते सांगायचे, असं अजून सांगतात. पुढे कानाला कॉम्प्युटरची सवय लागली. एका व्यापाऱ्याने आणलेली हार्ड डिस्क कानाशी धरून ते म्हणाले होते, शनिवारपर्यंत टिकेल. ती शुक्रवारीच गेली. बुवांनी त्या व्यापाऱ्याची घरी जाऊन माफी मागितली.

मठातलं यंत्र त्यांनी तीन मेलेल्या कॉम्प्युटरांतून उभं केलं होतं. पोटात टीव्ही दिसण्याचं कार्ड. अँटेना शिखरावर, कळसाच्या शेजारी, पण कळसाचा मान राखून वीतभर खाली. यंत्र कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांना टेकून असायचं. त्याचा एक पडदा तिथंच आणि दुसरा वायर ओढून सभामंडपात नेलेला. यंत्र एक, पण दोघे दोन ठिकाणी बसून आपापल्या नावाने त्यावर काम करू शकत.

आता त्या गुरुवारचं काम.

तारबुवांचे गुरू थोरले बुवा. त्यांचा एकही फोटो नाही. फोटोवाला आला की ते आंघोळीला जात. लग्नसराईत एकेका दिवशी त्यांच्या चार-चार आंघोळ्या झाल्या, फोटो झाला नाही. पण एकदा टीव्हीची माणसं तिकाटण्यावर कॅमेरा लावून आली आणि थोरल्या बुवांना वाटलं, कालव्याची मोजणी चाललीय. ते बसून राहिले. त्यांचं तेवढंच चित्रण.

त्या दिवशी तारबुवा शेजारच्या तालुक्यात खांबावर चढलेले होते. उतरून मठात येईपर्यंत टीव्हीवाले गेले होते. महिन्याभरात थोरले बुवाही गेले. कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा माळसोंड्यात वीज नव्हती.

त्याला बावीस वर्षं झाली. आणि आता तो जुना कार्यक्रम पुन्हा लागणार होता. एकदाच. गुरुवारी दुपारी चार वाजता.

आणि गुरुवारची पंगत चारलाच बसते. वाढपी स्वतः तारबुवा. पंगत उठेपर्यंत वाढप्याने जागा सोडायची नाही, ही शिस्त थोरल्या बुवांनीच घातलेली.

“आजच्या दिवस मी वाढतो,” शार्दूल म्हणाला. “तुम्ही टीव्हीसमोर बसा.”

“तुला आमटीचा अंदाज नाही.”

“मग रेकॉर्डिंग माझ्यावर सोडा. नुसतं रेकॉर्डिंग नाही, डीव्हीडी करून देतो. तुम्ही कधी पाहिली नसेल अशी.”

तारबुवांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “मला थोरले बुवा दिसले म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि आमटीची बादली उचलून गेले.

शार्दूलने कामात कसूर ठेवली नाही. चारला एक मिनिट कमी असताना यंत्र आपोआप जागं झालं आणि साडेचारला आपोआप थांबलं. तो कोठीत हाताची घडी घालून उभा होता. यंत्राला त्याची गरज नव्हती याचाच त्याला अभिमान. पुढचंही त्याने आज्ञांची एक माळ ओवून लावून दिलं होतं. त्या माळेने जाहिराती शोधायच्या, कापायच्या, राहिलेलं जोडायचं, कमळाचं चित्र आणि घंटेचा नाद असलेलं मुखपृष्ठ लावायचं आणि तबकडीवर उतरवायचं. यंत्र म्हातारं, त्यामुळे दोन तास लागणार होते.

पाचला पंगत उठली. तारबुवांनी हात धुतले, उपरण्याला पुसले, सभामंडपातल्या पडद्यासमोर मांडी घातली आणि आपल्या नावाने आत जाऊन दोघांच्या सामाईक खोलीत ठेवलेलं कच्चं रेकॉर्डिंग उघडलं.

सातच्या सुमाराला, दिवेलागणीला, शार्दूल डीव्हीडी आणि लॅपटॉप घेऊन सभामंडपात आला. तारबुवा अजून तिथंच होते. पडद्यावर अंधारा गाभारा, एक समई आणि समोर बसलेले थोरले बुवा. काही हलत नव्हतं.

“बुवा, हे हँग झालंय. थांबा, बंद करतो.”

“हँग नाही. बसलेत.”

शार्दूलने वाकून पाहिलं. समईची ज्योत हलत होती. बुवांनी एका बोटाने चित्र मागे नेलं, पुन्हा तेच सुरू झालं. पुन्हा अंधार, समई, थोरले बुवा. त्यांनी हे कितीदा केलं होतं, कुणास ठाऊक.

“ते असू द्या. आता हे बघा,” शार्दूल म्हणाला. “फापटपसारा सगळा काढलाय. नऊ मिनिटांत आटोपशीर.”

लॅपटॉपवर कमळ उमललं. घंटा वाजली. निवेदिका आली, तिने माळसोंड्याचं वर्णन केलं, नदी दाखवली. मग ती गाभाऱ्यात बसून नम्रपणे म्हणाली, महाराज, आयुष्यभराच्या साधनेचं सार काय सांगाल?

“आता जेवून जा,” थोरले बुवा म्हणाले.

घंटा वाजली. कमळ मिटलं.

शार्दूल कौतुकाची वाट पाहत होता. तारबुवांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग मोठ्या पडद्याकडे.

“यात ते बसत नाहीत,” ते म्हणाले.

“बसत म्हणजे...?”

“तिनं विचारल्यावर थोरले बुवा अकरा मिनिटं बसले. मग म्हणाले, जेवून जा.”

ती अकरा मिनिटं टीव्हीवाल्यांनी मुळात कापली का नाहीत, हे त्यांनाच माहीत. मठात सांगतात, की कात्री घेऊन बसलेला माणूस तिथपर्यंत आला की कात्री खाली ठेवायचा आणि घरी जायचा. असं तीन दिवस झालं, म्हणून राहिलं. शार्दूलच्या माळेला मात्र घरी जायचं नव्हतं. दोन जाहिरातींच्या सांध्यात क्षणभर काळोख आणि शांतता असते. काळोख आणि शांतता दिसली की सांधा समजून कापायचं, असं त्यानेच तिला शिकवलं होतं. तिला अकरा मिनिटांचा एक भलामोठा सांधा सापडला आणि तिने तो इमानाने कापला.

“ती रिकामी जागा होती, बुवा. आवाज नाही, चित्र अंधारं...”

तारबुवांनी पडद्यावरचं चित्र पुन्हा मागे नेलं.

“हरकत नाही,” शार्दूल म्हणाला. “कच्चं रेकॉर्डिंग आहेच, पुन्हा...”

तो मध्येच थांबला.

माळेतला शेवटचा मणी त्याला आठवला. डिस्क लहान, जागा कमी; म्हणून तबकडी झाली की कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, अशी आज्ञा त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. आणि आज्ञेने पुसलेलं लिनक्स कचऱ्याच्या टोपलीत ठेवत नाही. विचारतही नाही.

तो कोठीत धावला. फाइलीचं नाव शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं. तो सभामंडपात परत आला.

“बुवा... थोरले बुवा गेले. मी पुसले.”

“मग हे कोण बसलंय?”

पडद्यावर समईची ज्योत हलली.

पण शार्दूलचं तिकडे लक्ष नव्हतं. असं काही झालं की काय करायचं, हे तो पुण्यात चौदा जणांना शिकवत असे: आधी वीज तोडा, यंत्राला आणखी काही लिहू देऊ नका, डिस्क काढा आणि जाणकाराकडे न्या. तो कोठीकडे वळला. तारबुवा उठले. गुडघे धरून चालणारा म्हातारा त्याच्या आधी बटणापाशी पोचला. कसा, ते शार्दूल अजून सांगू शकत नाही.

तारबुवांनी आपला तळवा बटणावर ठेवला.

“बुवा, हात काढा. एकेक क्षण महत्त्वाचा आहे. वीज तोडायलाच हवी.”

“ते बसलेत अजून.”

“ते नाहीत हो. नावच राहिलं नाही त्या फाइलीचं.”

“मी बघतोय ना?”

शार्दूलचा हात हवेतच राहिला.

हे तो शिकला होता. परीक्षेत यावर पूर्ण गुण मिळवले होते. लिनक्समध्ये पुसतो म्हणजे आपण फक्त नाव पुसतो. आत जे आहे ते यंत्र इतक्यात टाकत नाही. कोणी एक जण जरी ते उघडून बसलेला असला, तरी तो उठेपर्यंत यंत्र ते जपून ठेवतं. वीज तोडली असती, तर बघणारा उठला असता. आणि थोरले बुवा दुसऱ्यांदा गेले असते.

त्याने हात खाली घेतला.

“काढता येईल,” तो हळू म्हणाला. “पण तुम्ही ते तुमच्या नावाने उघडलंय. मला तुमच्या खोलीत जाता येणार नाही. आता तरी रूटचा पासवर्ड सांगा, बुवा.”

“मला कुठं माहीत आहे?”

“म्हणजे?”

“यंत्र बसवलं तेव्हा मागितला त्यानं. मी डोळे मिटले आणि काहीतरी बडवलं.”

“ते दोनदा विचारतं. दोन्ही वेळा तंतोतंत तेच लागतं.”

“दोन्ही वेळा मिटले होते.”

शार्दूलने मनात हिशेब केला. दोन वर्षं... चोवीस खेपा... आणि मणभर वाटाणे.

“मग इतकी वर्षं यंत्र चाललं कसं?”

तारबुवांनी शार्दूलचा दंड धरला, त्याला सभामंडपात नेलं आणि स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या चटईवर बसवलं. पडद्यावर अजून तारबुवांचंच नाव चालू होतं. की-बोर्ड त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला.

“चल, इंजिनेर. इथून काढ.”

शार्दूलने त्या चटईवरून पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. थोरले बुवा नेमके त्याच्याकडे तोंड करून बसले होते. त्याने हळूच बाजूला दुसरी चौकट उघडली आणि बघणाऱ्याच्या हातात काय आहे, ते यंत्राला विचारलं. यंत्राने दाखवलं: नाव नसलेली एक फाइल, पुढे ‘पुसलेली’ असा शेरा. त्याने तिची नक्कल काढायला सांगितलं.

यंत्र म्हणालं, जागा पुरत नाही.

मग त्याने पुन्हा न बघता सामाईक खोलीतली आपली नऊ मिनिटं पुसली. कमळ पुसलं. घंटा पुसली. जागा झाली.

नक्कल उतरायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत शार्दूलला दुसरं काही करण्याजोगं नव्हतं, म्हणून तो समोर बघत बसला. मठातले लोक म्हणतात, तो एकदाही हलला नाही. आरतीला आलेल्या एका म्हातारीने त्यालाही हँग झालेला समजून हाक मारली.

नक्कल पुरी झाली. उघडून पाहिली. निवेदिका, नदी, गाभारा, समई, अकरा मिनिटं, जेवून जा. सगळं होतं. तारबुवांनी आपली चौकट बंद केली, तेव्हाही होतं.

शार्दूल उठला आणि त्याने नमस्कार केला. कोणाला, हे त्याने पाहिलं नाही. पडदा आणि बुवा एकाच दिशेला होते.

आता तबकडी करायची होती. या वेळी त्याने माळ ओवली नाही. एकेक आज्ञा हाताने लिहिली, एकेक झाली की पुढची. कापायची आज्ञा द्यायची वेळ आली तिथं तो थांबला आणि सभामंडपात आला. तारबुवा उद्याचे तांदूळ निवडत होते. तोही ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि न सांगता खडे वेचू लागला.

ताट अर्धं निवडून झालं.

“बुवा, एक विचारू?”

“रूटचं?”

“नाही. काही कापत नाही, आहे तसं उतरवतो. फक्त... ते अकरा मिनिटं बसलेत ना, त्याच्या ऐन मध्यात टीव्हीवाल्यांनी साबणाची जाहिरात घातलीय. बाई नाचते, फेस उडतो; माळेने तीही त्याच सांध्यात कापली होती. तेवढी तरी काढू ना?”

तारबुवांनी ताटातला एक खडा उचलला, उजेडात धरला आणि पुन्हा ताटात टाकला.

“ती नाचत होती,” ते म्हणाले, “तेव्हा बुवा उठून गेले होते का?”