‘दुखत नाही’ म्हणणारा संघ

एक व्यावसायिक कबड्डी संघ एकदा ऐन हंगामात मोडून पडला. पहिले सहा सामने त्याने ओळीने जिंकले होते आणि विजेतेपद याच संघाचे, असे जाणकार उघड बोलू लागले होते. सातव्या सामन्यात उजव्या कोपऱ्यावरच्या हणमंताचा खांदा निखळला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बचावपटूचा घोटा गेला. मग एकाच्या मांडीचा स्नायू फाटला, एकाच्या बोटाचे हाड मोडले. दिवाळी सरेपर्यंत अठरापैकी सहा जण पट्ट्या बांधून बाकावर बसले होते. संघ हरू लागला. बाद फेरी गाठायची तर साखळीतला शेवटचा सामना जिंकणे भाग होते.

संघाचे प्रशिक्षक शहाजी डांगे संतापाने धुमसत होते. राग नेमका कोणावर काढावा हे न कळल्यामुळे तो सर्वांवर निघत असे. वेळापत्रक ठरवणाऱ्यांवर, मॅटवर, फिजिओवर, आपल्या नशिबावर आणि सर्वांत अधिक जायबंदी खेळाडूंवर. “एवढ्याशा घोट्यासाठी पंधरा दिवस? मी तुमच्या वयाचा होतो तेव्हा…” एवढे शब्द कानी पडले की खेळाडू माना खाली घालत, कारण पुढचे सारे त्यांना पाठ होते. बाविसाव्या वर्षी राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात शहाजींचा डावा गुडघा पूर्वार्धातच गेला. तो टम्म सुजला. त्यांच्या वस्तादांनी त्यावर फडके आवळून बांधले आणि त्यांना पुन्हा मैदानात पाठवले. शेवटच्या चढाईत त्यांनी दोन गडी टिपले, विजेतेपदाची ढाल आली. गुडघा मात्र त्यानंतर कधी पुरता वाकला नाही. त्याच गुडघ्यावर थाप मारून ते म्हणत, “पदकं कपाटात असतात. हे माझं पदक मी अंगावर वागवतो.”

ही गोष्ट सर्वांत मन लावून ऐकणारा खेळाडू म्हणजे आदिनाथ वाकळे. तेवीस वर्षांचा, संघाचा प्रमुख चढाईपटू, अद्याप उभा असलेल्यांपैकी सर्वांत गुणी. त्याचा उजवा गुडघा सहा आठवड्यांपासून प्रत्येक सामन्यानंतर सुजत होता. फिजिओने स्कॅन करून घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा शहाजी म्हणाले, “हंगाम संपल्यावर.” आणि आदिनाथला विचारावे तर त्याचे एकच उत्तर असे, “दुखत नाही, सर.”

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याला बसची पायरी चढता येईना. त्या क्षणी शहाजींना आपल्या गुरूंची आठवण झाली.

वस्ताद केरबा लाड यांनी ऐंशी ओलांडली होती. कृष्णाकाठच्या एका गावात त्यांनी चाळीस वर्षे पोरांना कबड्डी शिकवली होती. मुरगळलेले, लचकलेले अंग त्यांच्या हाताखाली गेले की सैल होते, अशी त्यांची ख्याती होती. शहाजी स्वतः गाडी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

“वस्ताद, एक गुडघा फक्त उद्यापुरता उभा करून द्या. पुढचं पुढे बघू.”

“पोरगं काय म्हणतंय?” वृद्धाने विचारले.

“म्हणतो, दुखत नाही.”

हे ऐकताच वस्तादांचा चेहरा कठोर झाला. त्यांनी टोपी घातली आणि ते गाडीत बसले. वाट तीन तासांची होती.

सराव चालतो त्या हॉलमध्ये सारा संघ जमला होता. भिंतीवरच्या फळ्यावर उद्याच्या सात जणांची नावे लिहिलेली होती. वस्ताद मॅटवर बसले. आदिनाथचा गुडघा त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि आतल्या बाजूला अंगठा रोवला.

“दुखतंय?”

“नाही, वस्ताद.”

त्यांनी जोर वाढवला. आदिनाथच्या कपाळावर घाम आला.

“आता?”

“नाही.”

तिसऱ्या वेळी मुलाच्या डोळ्यांतून पाणी गालावर आले, ओठ पांढरे पडले, आणि तरीही तो म्हणाला, “नाही.”

“बघितलंत?” शहाजी अभिमानाने म्हणाले. “वाघ आहे माझा.”

वस्ताद उठले. फळ्यापाशी जाऊन त्यांनी आदिनाथचे नाव तळहाताने पुसून टाकले. खडू उचलून त्या जागी लिहिले, ‘शहाजी डांगे’.

“उद्या ह्याच्या जागी तू खेळायचंस,” ते म्हणाले.

कोणी तरी हसले आणि लगेच गप्प झाले. शहाजींचा चेहरा लाल झाला. “वस्ताद, सामना तोंडावर आहे. ही चेष्टेची वेळ आहे का?”

“चेष्टा करायला मी तीन तास गाडीत बसलो न्हाई. ये हिकडं. सगळ्यांच्या म्होरं उकिडवा बस.”

गुरूची आज्ञा मोडायची सवय शहाजींना नव्हती. ते मधल्या रेषेवर आले, खाली वाकू लागले आणि अर्ध्यातच थांबले.

“बस की.”

“होत नाही, वस्ताद.”

“का होत न्हाई?”

“का ते तुम्हाला ठाऊक आहे!”

“मला ठाऊक हाय. ह्या पोरांस्नी न्हाई. बस.” असे म्हणून वृद्धाने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि भार दिला.

“दुखतंय!” शहाजी ओरडले. “दुखतंय, वस्ताद! चोवीस वर्षं दुखतंय! सकाळी भिंत धरल्याशिवाय मला उठता येत नाही. माझ्या मुलीला मी कधी कडेवर घेऊन जिना चढलो नाही. आणि तुम्हीच, तुम्हीच मला आत पाठवलं होतंत!”

कर्णधार सलीम नदाफ आपल्या प्रशिक्षकांकडे असा पाहत होता, जणू हा माणूस त्याला आजच भेटला होता.

वस्तादांनी हात तत्काळ काढून घेतले. त्यांचाही आवाज आता कापत होता. तो वयाने कापत नव्हता, रागाने कापत होता.

“व्हय. मीच पाठवलं. त्या दिवशी तू म्हणालास, दुखत न्हाई. खोटं बोलतोयस हे मला तुझ्या डोळ्यांत दिसलं हुतं. पण मला ढाल पायजे हुती, म्हणून मी तुझं खोटं खरं मानलं. तुझा गुडघा त्या समोरच्या गड्यानं न्हवं, मी मोडला. ते पाप माझं हाय आन् मी ते रोज आठवतो. पण तू काय केलंस, शहाजी? माझ्या पापाची शौर्यकथा केलीस, आन् ह्या पोरांना ती रोज पाजलीस! शरीर माणसाला हाक मारून सांगतं, थांब. तू ह्यांना त्या हाकेचं तोंड दाबायला शिकवलंस. लहान दुखणं बोललं तर आठ दिसांत बरं होतं. तुझ्या भ्यानं ते गप बसलं आन् मोठं झालं. सहा पोरं मोडली तुझी, आन् तू नशिबाला शिव्या देत हिंडतोस!”

शहाजी डावा पाय लांब करून मॅटवर बसले.

पहिला बोलला तो गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेला हणमंत. “सर, माझा खांदा तिसऱ्या सामन्यापासून दुखत होता. सांगायला आलो होतो. तुम्ही त्या गुडघ्याची गोष्ट सुरू केलीत, मग मी परत गेलो.” सलीम म्हणाला, त्याच्या कंबरेतून महिनाभर कळ पायापर्यंत जाते आहे. मग आणखी एक बोलला. आणि शेवटी मॅटवर बसलेला आदिनाथ, दात आवळून, जणू शिवी हासडावी तसा म्हणाला, “दुखतंय. खूप दुखतंय, सर.”

शहाजी फिजिओकडे वळले. “दवाखान्यात फोन करा. स्कॅन आजच करायचं. सलीमलाही घेऊन जा.”

वस्ताद सामन्यासाठी थांबले नाहीत. निघताना शहाजी त्यांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. “माझ्या पाया पडून तुझं काय सुटायचं न्हाई. ज्या पोराकडं जायला पायजे त्याच्याकडं जा.” आणि ते एसटी स्टँडकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी तीन राखीव खेळाडू घेऊन संघ उतरला आणि अकरा गुणांनी हरला. हंगाम संपला. संघमालकांचा फोन आला. त्यांनी अर्धा तास सुनावले आणि शहाजींनी ते निमूट ऐकून घेतले. आपण आदिनाथला का उतरवले नाही, एवढेच त्यांनी मालकांना एका वाक्यात सांगितले.

आदिनाथच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता आणि आतली गादीही झिजून गेली होती. शस्त्रक्रिया झाली. वर्षभर खेळणे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या गुडघ्यावर आणखी एक सामना झाला असता तर खेळण्याचा विषयच कायमचा मिटला असता, हेही सांगितले.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी शहाजी दवाखान्यात गेले. त्यांना पाहताच आदिनाथने तोंड भिंतीकडे वळवले. शहाजी खुर्ची ओढून बसले.

“सर,” आदिनाथ भिंतीकडे पाहतच म्हणाला, “मला तुमचा राग येतो.”

शहाजींच्या ओठांशी कितीतरी उत्तरे आली. मी तुला घडवले. तू स्वतःच दुखत नाही म्हणत होतास. माझ्यावरही दडपण होते. यांतले प्रत्येक उत्तर काही अंशी खरे होते. त्यांनी ती सर्व गिळली.

“कधीपासून?” त्यांनी विचारले.

“सहा आठवडे.”

“मग सहा आठवड्यांचं सगळं सांग.”

मुलाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि बोलू लागला. मध्येच त्याचा आवाज चढला, तेव्हा दारातून डोकावलेल्या नर्सला शहाजींनी हाताने खूण केली, बोलू द्या. दुपारचे जेवण ट्रेमध्ये गार झाले. आदिनाथ बोलतच होता, आणि आयुष्यात प्रथमच शहाजी डांगे एका खेळाडूचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकत होते.