बाज विणणाऱ्याची फटफटी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजे स्वतः न्यायनिवाडा करत, बैल माणसांशी बोलत आणि रस्त्यावर फटफट्याही धावत, असा तो काळ. असा काळ कधी नव्हताच, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने खुशाल म्हणावं. गोष्ट काही त्याच्यासाठी थांबायची नाही.

एका गावात बाजा विणणारा एक माणूस राहत होता. सुंभाची दोरी तो अशी ओढून बसवी, की वर्षानुवर्षं बाजेला झोळ पडत नसे. लोक त्याचं नाव काढत. हळूहळू त्याला वाटू लागलं, की जे ताणून बांधलं तेच टिकतं. मग घरही तो तसंच चालवू लागला.

त्याची एकुलती एक मुलगी घाटापलीकडच्या गावात दिलेली होती. सांगितलेल्या दिवशी माहेरी यायचं आणि सांगितलेल्या दिवशी परतायचं, हा त्याचा नियम. डोहाळजेवणाला ती एक दिवस उशिरा आली, कारण सासू तापाने फणफणली होती. बापाने चारचौघींत तिला फाडफाड बोलून घेतलं. पोरीने खाली मान घालून कसेबसे दोन घास गिळले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, पण निघताना ती आईला म्हणाली, "आई, मी बाळंतपणाला इकडे येत नाही. वेळ येईल तेव्हा तूच माझ्याजवळ ये."

दिवस भरत आले. निरोप आला की घाट चढून जायचं होतं, आणि बापाच्या फटफटीची साखळी तर पार झिजली होती, चढावर दात्यांवरून घसरत होती. म्हणून त्याने बाजारातून नवी साखळी आणि दातेरी चक्रांची नवी जोडी आणली आणि फटफटी अंगणात स्टँडवर चढवली.

गडी हाताचा कसबी होता, हे मान्य केलं पाहिजे. जुन्या चक्रांचे दाते झिजून मांजराच्या नखांसारखे वाकले होते. ती दोन्ही त्याने काढली. झाकणाआडचं लहान चक्रसुद्धा विसरला नाही. नवी चक्रं बसवली, साखळी चढवली, तिचा जोड नीट लावला. मग मागचं चाक ओढून साखळी ताणायची वेळ आली, आणि त्याचे हात बाज विणू लागले. साखळीवर बोट मारलं तर टण् वाजलं. तो खूश झाला.

बायको ओट्यावरून बघत होती. "अहो, साखळी दोन बोटं खालीवर हलली पाहिजे, असं दुकानदाराने सांगितलं होतं ना?"

"दुकानदाराचं काय जातंय? लोंबती साखळी माझ्या अंगणातून बाहेर पडायची नाही. लोक हसतील मला."

एवढ्यात घाटापलीकडून निरोप आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या.

दोघं तशीच निघाली. घाट लागला आणि साखळी कण्हू लागली.

"अहो, थांबा. जरा सैल करा तिला."

"नवी आहे. रुळेल."

अर्ध्या चढावर काडकन आवाज झाला. साखळी तुटून रस्त्यावर पडली. बायको खाली उतरली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवान घोरत होता. बैलांना वाट पाठ होती. त्यातला म्हातारा बैल थांबला. "बसा बाई. हळू जाऊ, पण पोचू," तो म्हणाला. मग त्याने तुटकी साखळी हुंगली.

"बाबा रे, रिकामी असताना तू हिला पुरती ताणलीस. वर दोघांचं ओझं बसलं, मागचं चाक दबलं, ताण आणखी वाढला. त्या ताणाला जागा कुठे होती?"

"मग काय सैल सोडायची? घसरेल की!"

"सैल कोण सोड म्हणतंय? माझ्या गळ्याखालून जू बांधणारी ही जुपणी बघ. तिच्यात चार बोटं जागा आहे. जास्त असती तर जू निसटलं असतं. मुळीच नसती, तर चढावर मान फुगताच माझा श्वास कोंडला असता."

बायकोला घेऊन गाडी निघून गेली. तो एकटा फटफटी ढकलत राहिला आणि दिवेलागणीला मुलीच्या दारात पोचला. बायको उंबऱ्यातच उभी होती.

"सुखरूप आहे. मुलगी झाली," ती म्हणाली. "पण पोर मला हाका मारत होती, तेव्हा मी घाटात होते."

तो आत गेला. बाळंतिणीने त्याला पाहिलं आणि घाईघाईने पदर सावरला. "आबा, बाळाला घेऊन कधी यायचं ते सांगा. या वेळी उशीर नाही करणार."

ते ऐकून बापाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो खाली बसला. "कधी यायचं, किती राहायचं, ते तू ठरव बाळा. उशीर झाला तरी मी बोलणार नाही. वाट तेवढी बघेन."

मुलीने बाळाला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "आबा, बारसं आपल्या घरी करू या?"

ती आली, बाळाला घेऊन आली. किती दिवस राहिली, ते त्याने मोजलं नाही. पण कळा देताना आईचा हात तिच्या हातात नव्हता, हे काही कुणाला पुसता आलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला ओझं पेलायचं आहे, त्याला बांधताना थोडी जागा ठेवावी, पुरतं ताणलेलं नेमकं गरजेच्या वेळी तुटतं.