पायरी नसलेली उंच गाडी

"गाडी तालुक्यात सगळ्यात उंच पाहिजे, आणि चढताना माझा पाय वर उचलला जाता कामा नये!" बाजार समितीचे चेअरमन भाऊसाहेब ढमाले यांनी फर्मान सोडलं.

गॅरेजच्या शेडमध्ये उभ्या हमीद मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला.

समोर नवीकोरी मोठी पिकअप उभी होती. पुढे पाच माणसांची केबिन, मागे म्हैस आरामात बसेल एवढा हौदा. चेअरमनसाहेबांना तिच्यावर सगळंच हवं होतं. रुंद चाकं, छतावर दिव्यांची रांग, पुढे चकाकता गार्ड आणि दीड फूट जादा उंची. कारण काय, तर उपसभापतीने आपली गाडी एक फुटाने उचलून घेतली होती. तालुक्याच्या राजकारणाला याहून मोठं कारण लागत नाही!

अडचण एकच. साहेब स्वतः पाच फुटांना दोन बोटं कमी. मागच्या लग्नसराईत ते अशाच एका उंच गाडीत चढायला गेले आणि भर मांडवापुढे त्यांची पँट चर्रकन फाटली. फोटोग्राफर समोरच होता.

"मग पायरी बसवू की, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"पायरी म्हाताऱ्यांना लागते!"

"धरायला आतून कडी?"

"माकड आहे का मी लोंबकळायला?"

"खाली एखादं स्टूल..."

"सर्कस काढायचीय? नीट ऐक. गाडीला पायरी नको, शिडी नको, फळी नको, दोर नको. कुणी हात द्यायचा नाही. मी चालत येईन आणि चालत येईन तसाच आत जाईन. शनिवारी, भर बाजारात. नाही जमलं तर सोमवारी शेड रिकामी करायची. जागा समितीची आहे!"

जागा समितीची, म्हणजे शेतकऱ्यांची. पण हा फरक चेअरमनना आजवर कुणी समजावला नव्हता. बावीस वर्षं त्याच शेडमध्ये मिस्त्रीने गाड्या बांधल्या होत्या. तो हात जोडणार, एवढ्यात गाडीखालून त्याची मुलगी दिलशाद बाहेर आली. शेडमधलं वेल्डिंग तीच करायची आणि गिऱ्हाइकाशी वादही तीच घालायची.

"करते, साहेब. गाडीला काही लावायचं नाही, एवढीच अट ना?"

"एवढीच!"

"बाकी मी कुठे काय करते, ते विचारायचं नाही."

"काय हवं ते कर. आभाळातून पाळणा सोड!"

साहेब गेले. मिस्त्री मटकन टायरवर बसला.

"दिलू, काय कबूल करून बसलीस? गाडी वर गेल्यावर माणूस आत कसा जाणार?"

"अब्बा, गाडी खाली येत नसेल तर आपण जमीन वर आणू!"

दोन दिवसांत गाडी दीड फूट उंच झाली. मग दिलशाद टेप घेऊन बाजाराच्या मैदानात गेली. तिथे एका कोपऱ्यात एक कोरीव दगड उभा होता. 'माल चढवण्याचा धक्का. भूमिपूजन शुभहस्ते श्री. भाऊसाहेब ढमाले.' अकरा वर्षांपूर्वी नारळ फुटला, फोटो निघाला, पेढे वाटले, आणि धक्का तेवढा राहून गेला! फोटोत काम दिसावं म्हणून आणलेला दगड आणि मुरूम अजून तिथेच पडून होता. त्यावर शेळ्या चढत होत्या.

शेजारी टोमॅटोचे क्रेट ट्रकमध्ये चढवणाऱ्या बायका बसल्या होत्या. दिलशादने त्यांच्यातल्या केराबाईला सगळं सांगितलं.

"दगड रचायचे, मुरूम भरायचा, एवढंच?" केराबाई पदर खोचत उठली. "अगं, डोक्याच्या वर क्रेट उचलून माझी मान आखडून गेली. चला गं!"

बायका आल्या, हमाल आले, दोन गवंडी आले. शुक्रवारी संध्याकाळी कंबरभर उंचीचा धक्का उभा राहिला. एका बाजूने लांब, हलका उतार.

शनिवारी बाजार खच्चून भरला. पिकअप धक्क्याला लागून उभी होती, दार उघडं. काळा चष्मा लावून साहेब आले. उताराने चालत वर गेले आणि चालता चालता थेट केबिनमध्ये! पँट शाबूत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेबांनी काचेतून खाली पाहिलं आणि भुवया चढवल्या.

"ए पोरी! हे बांधायला परवानगी कुणी दिली?"

"तुम्हीच, साहेब. दगडावर नाव वाचा. नारळ फोडायचं अर्धं काम तुम्ही केलं होतं, बांधायचं अर्धं आम्ही केलं."

लोक फिसकन हसले. साहेब कानापर्यंत लाल झाले.

"फार शहाणी आहेस! इथे चढलो, पण उतरू कुठे? जन्मभर याच मैदानात गाडी फिरवू?"

"नाही कशाला? तुम्ही सतरा गावांत धक्क्यांचे नारळ फोडलेत. तेवढे बांधा, सतरा गावांत ऐटीत उतराल!"

"आणि बांधले नाहीत तर?"

"मग त्या गावांत गाडीतून उतरूच नका, साहेब. तिथले लोकही वर्षानुवर्षं वाट बघतायत. काचा वर करून उंचावर बसलेलंच बरं!"

चेअरमन असे खदाखदा हसले, की चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला.

"हरलो, पोरी! सतराही धक्के बांधतो. आणि शेड? ती तुझ्या नावावर, तीस वर्षं!"

"लिहून द्या, साहेब," दिलशादने समितीचा कोरा कागद आणि पेन खिडकीतून वर सरकवलं. "नारळ पुष्कळ झाले!"

साहेब पुन्हा हसले आणि हसता हसताच सगळं लिहून त्यांनी सही ठोकली.