चौथ्या दिशेच्या अक्षता

ही कहाणी वाचावी की गाळावी, या घोरानं आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. जिवतीचा शुक्रवार, समोर शेजारणी, मांडीवर चार वर्षांची कुहू, आणि कहाणीत लेकीला घराबाहेर काढणारी आई. सासूबाई म्हणाल्या, "गाळू नकोस. पोर तशीही निम्म्यात झोपेल." माझ्या वाचनावर त्यांचा एवढा विश्वास! पण कुहू टक्क जागी. मग वाचली.

जिवतीमाय, ऐक, तुझीच कहाणी तुला सांगते. चार वेशींचं एक नगर होतं. तिथं यमक्का तेलीण राही. तिला एक लेक, भिवा, आणि एक मुलगी, सगुणी. श्रावणातल्या शुक्रवारी यमक्का जिवती पुजी, मुलांना ओवाळी. दूरच्या लेकरांना पोचावं म्हणून चारी दिशांना अक्षता टाकी.

एके वर्षी दारी एक म्हातारी आली. "बाई गं, पोटात आग पडलीय." सगुणीनं पुरणाची पहिली पोळी उचलली, तिच्या हातावर ठेवली. आई कडाडली, "माझा भिवा अजून जेवला नाही, आणि तू भिकारणीला वाढतेस? जा तिच्याच मागं!" सगुणी उंबऱ्याच्या पाया पडली, दक्षिणेच्या वेशीनं गेली.

मग पुढचा श्रावण आला. यमक्कानं पूर्वेला अक्षता टाकल्या, पश्चिमेला टाकल्या, उत्तरेला टाकल्या. शेजारीण म्हणाली, "आणि दक्षिणेला गं?" "तिकडं माझं कुणी नाही."

मग दुसरा श्रावण आला. पूर्वेला टाकल्या, पश्चिमेला टाकल्या, उत्तरेला टाकल्या. "आणि दक्षिणेला गं?" "तिकडं माझं कुणी नाही."

मग दुष्काळ पडला. घाणा थांबला. भिवा कामाच्या शोधात निघाला, तोही दक्षिणेलाच. श्रावण आला. शेजारीण म्हणाली, "यमक्का, आता तर लेकही तिकडंच!" यमक्कानं हात उचलला. पण मूठ उघडेना. "दाणा तिकडं पडला, तर तिलाही लागेल." मूठ तशीच मागं घेतली.

इकडं भिवाला वाटेत ताप भरला. एका धर्मशाळेच्या पायरीशी पडला. तिथं एक विधवा बाई वाटसरूंना पेज वाढी, पाठीशी तान्ही पोर बांधलेली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाकडं पाहिलं, आणि ओळखलं. "दादा, मी सगुणी." तिनं पेज पाजली, पाय चेपले, उशाशी बसून राहिली. भिवा उठला. मग तोच ताप तिला लागला.

सगुणी म्हणाली, "दादा, मी दर श्रावणात आईसाठी उत्तरेला अक्षता टाकते. आई माझ्याकडं टाकते ना?"

भिवानं खाली पाहिलं. "टाकते गं."

"मग झालं." तिनं डोळे मिटले, ते मिटलेच.

भिवा पोरीला खांद्यावर घेऊन घरी आला. पुन्हा श्रावणातला शुक्रवार होता. यमक्का तबक घेऊन दारात उभी. "ही कुणाची रे?" "सगुणीची." "आणि सगुणी?" भिवानं पोर पुढं केली. मग यमक्काला कळलं. ती दक्षिणेच्या वेशीकडं धावली, तबकच्या तबक उधळलं. चिमण्या आल्या, दाणे टिपून गेल्या. यमक्का धुळीत बसली. "आता कुठल्या दिशेला टाकू गं, माझे बाई?"

तिथं तीच म्हातारी उभी होती. म्हणाली, "हात बघ." तळव्याला एक दाणा चिकटलेला. "सगुणीला आता तो पोचायचा नाही. पोरीला लाव."

यमक्कानं तो नातीच्या कपाळी लावला. तेव्हापासून ती दक्षिणेला आधी अक्षता टाकी, आणि टाकताना रडे. दारी आलेल्याला पहिली पोळी देई. नात वाढली, घाणा फिरू लागला. सगुणी काही आली नाही. यमक्काला उशिरा कळलं, तसं जिवतीमाय, कुणाला न कळो. तुमची आमची लेकरं हाकेच्या अंतरात राहोत. कहाणी लांबच्या वाटेची, मुठीत मावली, चहूकडं सुफळ झाली.

बायांनी अक्षता टाकल्या. सासूबाईंनी दक्षिणेला जरा जास्तच टाकल्या. मी कुहूकडं बघायचं टाळत होते. ती मांडीवरून उतरली, माझी मूठ उघडून आत किती तांदूळ उरलेत ते पाहिलं, आणि म्हणाली, "मी रुसून गेले ना, तर चारीकडं टाक हं. आणि पलंगाखाली पण."