यसूने उन्हात ठेवलेली परात

समुद्राला लागून पांढरीशुभ्र मिठागरं होती आणि त्यांच्या कडेला केवड्याचं हिरवंगार बन. बनाशेजारच्या इवल्याशा झोपडीत सात वर्षांची यसू आणि तिचे वडील राहायचे. आई आठवड्यापूर्वी तापाने गेली होती. तिने शेवटची भरून आणलेली कळशी चुलीजवळ होती, आणि तिच्यात तांब्याभर पाणी उरलं होतं. घसा सुकला तरी यसू त्या पाण्याला कुणाला हात लावू देत नसे.

आता तिने काय केलं ते ऐका, आणि हसायचं नाही हं. मिठागरात वडील खाऱ्या पाण्याने वाफे भरायचे. ऊन तापलं की पाणी आटायचं आणि तळाशी चमचमतं मीठ उरायचं. यसूने जन्मापासून हेच पाहिलं होतं. म्हणून एका सकाळी तिने आईचं पाणी परातीत ओतलं आणि परात बनातल्या उन्हात ठेवली. पाणी आटेल आणि तळाशी आई उरेल, असं त्या वेडीला वाटलं.

ती राखण करत बसली. बोटभर पाणी दुपारपर्यंत नखभर उरलं. तेवढ्यात टिटवीचं एवढंसं पिल्लू धडपडत आलं. तहानेने त्याची चोच उघडीच राहिली होती. यसूने आधी परात पोटाशी धरली. मग तिला राहवेना. तिने ओंजळीतून पिल्लाला पाजलं आणि मग मात्र तिला रडूच फुटलं.

परातीवरची हवा थरथरली. सोनेरी-जांभळ्या पंखांची, करंगळीएवढी परी तिथे तरंगू लागली.

"मी वाफपरी," ती म्हणाली. "एक काहीतरी माग, राणी. पण गेलेलं माणूस मला आणता येत नाही."

यसूचा चेहरा उतरला. "मंग पानी आटला का तलाला काय ऱ्हाईल, तेवढा सांग."

"काही नाही गं, बाळा. खारं पाणी मीठ ठेवून जातं. हे गोडं पाणी. ऊन लागलं की त्याचे बारीक बारीक कण सुटतात आणि सगळेच वर जातात."

"सगलं?"

"सगळे."

यसू खूप वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मना जाताना तरी बघू दे. आयस गेली तवा मी निजलेली."

परीचे डोळे भरून आले. "दिसेल. पण पापणी लवली की संपलं."

तिने पंख झटकले, आणि काय सांगू! निळे, गुलाबी, केशरी कणच कण! वाफ्यांतून, वाळत घातलेल्या कपड्यांतून, वडिलांच्या घामेजल्या पाठीवरून नाचत नाचत वर निघालेले. परातीतून मात्र थोडेसेच, चंदेरी. यसू डोळे ताणून बघत राहिली. ऊन टोचलं, डोळे चुरचुरले, तरी तिने पापणी लवू दिली नाही.

"त्यांचा फुडं काय व्हतं?"

"वर गारवा लागला की ढग होतील. मग कुणाच्या तरी विहिरीत उतरतील."

परी एवढं बोलली, तिच्याभोवती लख्ख उजेड पसरला आणि ती त्यात विरघळली. परात कोरडी पडली होती. शेवटचा चंदेरी कण केवड्याच्या शेंड्यावरून वर चालला होता. घरातून निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही. यसूही म्हणाली नाही.

"ये हां, आये," ती म्हणाली, आणि आपणहून डोळे मिटले.