फुंकलेलं पाणी

"...मग पेपर हातात आला की होतं तरी काय, बेटा?"

"काही होत नाही हो," उत्तर वडिलांनी दिलं. "सत्त्याण्णवच्या खाली कधी आली नाही. दृष्ट लागली असणार."

टेकडीवरच्या दर्ग्यात चाँदशा फकीर चटईवर बसले होते. समोर माधवराव टेकाळे आणि त्यांची दहावीतली मैथिली. सराव परीक्षेत तिने गणिताचा पेपर कोरा दिला होता. खरा पेपर सोमवारी होता. मुलीला पाजायला टेकाळ्यांना फकिरांचं फुंकलेलं पाणी हवं होतं.

"झोप लागते का?"

"चार तास पुरते तिला," टेकाळे म्हणाले.

"भूक?"

"अभ्यासाच्या दिवसांत भूक कसली?"

काय म्हणावं या माणसाला. प्रश्न मुलीला आणि तोंड बापाचं.

फकिरांनी पेल्यात पाणी घेतलं, तीनदा फुंकलं आणि पेला टेकाळ्यांच्याच हातात दिला.

"मोठा घोट घ्या आणि तोंडात धरा. गिळायचं नाही, थुंकायचं नाही."

"मी?"

"तुम्हीच."

मुलीसाठी माणूस काय करत नाही. टेकाळे गाल फुगवून बसले.

"आता बोल," फकीर म्हणाले.

मैथिलीने वडिलांच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. मग बोलली ती तावातावानेच.

"मला गणित येतं. सगळं येतं. पण पेपर उघडला की आधी आमचा चौक दिसतो. तिथे माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागणार आहे. बाबांनी तो करूनही आणलाय. फोटो आहे, नाव आहे, फक्त टक्के भरायचेत. मग हात गार पडतात... साधा पाढा आठवत नाही."

टेकाळ्यांचे गाल थरथरले.

"मी सोमवारी पेपरला बसणारच नाही."

"नको बसू."

ती चमकली. "लोक म्हणतील, घाबरली."

"म्हणतील."

"मी गणिताला घाबरत नाही," ती फकिरांवरच उखडली. "बसेन मी. नापास व्हायची तयारी ठेवून बसेन."

"मग भीती कुणाची उरली?"

ती वडिलांकडे वळली.

"बाबा, मी नापास झाले तर मला घरात घ्याल?"

टेकाळ्यांनी फकिरांकडे पाहिलं. फकीर दाराबाहेर बघत होते.

"आत्ता सांगा, बाबा."

वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. बोलावं तर उपाय मोडतो. न बोलावं तर... मुलगी नजर हलवायला तयार नव्हती.

टेकाळ्यांनी घोट गटकन गिळला.

"घेईन," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. "हे काय विचारणं झालं... घेईन."

मैथिलीने ओढणीने नाक पुसलं आणि चपला घालायला बाहेर गेली.

टेकाळे ओशाळून फकिरांकडे वळले. "पाणी गिळलं मी. उपाय वाया गेला का?"

"गिळायला फार वेळ लावलात."